घडी घालून पाहा: आकृत्यांचे सममितीचे अक्ष कसे शोधावेत

पंचवटीत आमच्या घरी संध्याकाळी सहावी-सातवीची सात-आठ मुलं गणिताला बसतात. सममितीचा धडा आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आयताला सममितीचे अक्ष किती? बहुतेकांचं उत्तर येतं, चार. दोन मधले आणि दोन कर्णांवरचे. यंदा एका मुलानं तर ते करूनच दाखवलं. वहीचं पान घेतलं, कर्णावर पट्टी ठेवून रेघ मारली, कात्रीनं कापलं, एक त्रिकोण फिरवून दुसऱ्यावर ठेवला आणि म्हणाला, "बघा ताई, तंतोतंत बसला. झाले की दोन सारखे भाग!"

त्याचे त्रिकोण खरंच सारखे होते. बाजू सारख्या, कोन सारखे, क्षेत्रफळ सारखं. तरीही उत्तर चूक होतं, आणि ती चूक 'फिरवून' या एका शब्दात होती. मी त्याला दुसरं पान दिलं, कात्री बाजूला ठेवली आणि म्हटलं, "आता कापू नकोस. कर्णावर नुसती घडी घाल." त्यानं घातली. एक कोपरा डावीकडे बाहेर आला, दुसरा उजवीकडे. त्यानं घडी उघडली, पुन्हा घातली, नखानं दाबून पाहिली. कोपरे काही जुळेनात.

सममिती शिकवताना सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा असं मला मनापासून वाटतं. दोन भाग सारखे असणं पुरेसं नाही, ते घडीवर एकमेकांवर बसले पाहिजेत. हा फरक हाताला कळला की बाकीचा धडा मुलं स्वतःच पुढे नेतात. कोणत्या आकृतीला किती अक्ष याचा तक्ता पाठ करून घेतला, तर परीक्षा संपताच तो विसरला जातो. म्हणून खाली जे लिहिलंय ते वाचत जाऊ नका, करत जा. शक्यतो मुलांना सोबत घेऊन.

काय काय लागेल

रद्दीतले एका बाजूनं कोरे कागद, कात्री, पट्टी, कंपासपेटी, एक टाचणी आणि खिशात मावेल असा छोटा चौकोनी आरसा. पतंगाचा ताव मिळाला तर उत्तम, कारण त्यातून पलीकडचं दिसतं. घडी घातल्यावर कडा जुळल्या की नाही ते उजेडाकडे धरताच कळतं. कार्डशीट घेऊ नका, जाड कागदाची घडी सरकते आणि जुळणारी आकृतीही न जुळल्यासारखी वाटते.

आधी अक्ष म्हणजे काय ते टाचणीनं समजून घ्या

एक कागद मधोमध दुमडा. दुमडलेल्या कागदातून कुठंही एक भोक पाडा, टाचणी दोन्ही थरांतून आरपार गेली पाहिजे. कागद उघडा. घडीच्या दोन बाजूंना दोन भोकं दिसतील. ती पट्टीनं जोडा. आता दोन गोष्टी मोजा. घडीपासून पहिलं भोक किती लांब आणि दुसरं किती लांब? दोन्ही अंतरं सारखी येतील. जोडलेली रेघ घडीला कोणत्या कोनात छेदते? गुण्या लावा, काटकोन येईल.

म्हणजे घडीची रेषा ही त्या दोन भोकांना जोडणाऱ्या रेषाखंडाची लंबदुभाजक आहे. हीच सममितीच्या अक्षाची खरी व्याख्या. आकृतीतल्या प्रत्येक बिंदूला अक्षाच्या पलीकडे, तितक्याच अंतरावर, काटकोनात समोर एक जोडीदार असतो. जो बिंदू अक्षावरच असतो तो स्वतःच स्वतःचा जोडीदार. चार-पाच भोकं पाडून प्रत्येक जोडी मोजायला लावा. मुलांना कंटाळा येत नाही; पाचव्या जोडीपर्यंत पट्टी लावायच्या आधीच ती उत्तर सांगू लागतात.

चौरस: चार घड्या

ए-फोर कागद २१० × २९७ मिलिमीटरचा असतो. त्याची आखूड बाजू लांब बाजूवर येईल असा कोपरा दुमडा, खाली उरलेली ८७ मिलिमीटर रुंदीची पट्टी कापून टाका (ती फेकू नका, पुढं लागणार आहे). उघडलात की चौरस तयार, आणि त्याचा एक अक्षही कर्णावर उमटलेला.

आता क्रमानं घड्या घाला. दुसऱ्या कर्णावर. मग वरची कडा खालच्या कडेवर. मग डावी कडा उजवीवर. चारही वेळा कडा जुळतात. पाचवी घडी शोधायला सांगा. मुलं तिरप्या-तारप्या घड्या घालून पाहतात आणि एकही जमत नाही, तेव्हा 'चारच' हे त्यांचं स्वतःचं उत्तर होतं.

इथंच आणखी एक गैरसमज काढून टाकावा. हा चौरस थोडा फिरवून, टोकावर उभा राहील असा धरा आणि पुन्हा विचारा, अक्ष किती? काही मुलं लगेच 'दोन' म्हणतात, कारण अक्ष नेहमी उभा किंवा आडवाच असतो असं त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. कागदावरच्या घड्या कागदाबरोबर फिरल्या, एकही पुसली गेली नाही, हे बोटानं दाखवा. अक्ष आकृतीचा असतो, पानाचा नसतो.

आयत: दोन, आणि कर्णाचा प्रश्न मोजून सोडवा

१६ सेंटिमीटर लांब, १२ सेंटिमीटर रुंद आयत कापा. ही मापं मुद्दाम घेतली आहेत, कारण कर्ण बरोबर २० सेंटिमीटर येतो. लांबी मधोमध दुमडा: जुळतं. रुंदी मधोमध दुमडा: जुळतं. आता कर्णावर घडी घाला. जे दोन कोपरे एकमेकांवर यायला हवे होते त्यांच्यातलं अंतर पट्टीनं मोजा. ५.६ सेंटिमीटर येईल.

हे अंतर कुठून आलं ते सातवी-आठवीच्या मुलांना सांगण्यासारखं आहे. दोन्ही कोपऱ्यांपासून कर्णावर लंब टाका. दोन्ही लंब ९.६ सेंटिमीटरचे, अगदी सारखे. पण ते कर्णाला वेगवेगळ्या ठिकाणी भेटतात. कर्णाच्या एकाच टोकापासून मोजलं तर एक ७.२ वर आणि दुसरा १२.८ सेंटिमीटरवर. फरक ५.६. टाचणीच्या प्रयोगातली अर्धी अट इथं पाळली गेली, म्हणजे अंतर सारखं निघालं, पण जोडीदार काटकोनात समोर नाही. आयत जसजसा चौरसाकडे झुकतो तसे हे दोन लंब जवळ येतात आणि चौरसात एकाच बिंदूवर भेटतात. म्हणून चौरसाचा कर्ण अक्ष होतो आणि आयताचा होत नाही.

घरातलं उदाहरण हवं तर पाचशेची नोट घ्या. आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यात नोटा छापतात, त्यामुळे आमच्याकडच्या मुलांना नोट ही जरा घरचीच वस्तू वाटते. पाचशेची नोट १५० × ६६ मिलिमीटरची असते. आकार म्हणून पाहिलं तर दोन अक्ष: एक लांबी ७५-७५ अशी वाटणारा, दुसरा रुंदी ३३-३३ अशी. पण नोटेवरचं चित्र, अक्षरं, आकडे धरले तर एकही अक्ष उरत नाही. प्रश्न आकाराचा आहे की चित्रासकट, हे आधी ठरवून घ्यावं.

एका कापात समभुज चौकोन

हा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. कागद एकदा दुमडा. मग पुन्हा दुमडा, पहिल्या घडीची कड स्वतःवरच येईल अशी. आता एक कोपरा असा मिळेल जिथं दोन्ही घड्या भेटतात. तो 'बंद कोपरा'. त्या कोपऱ्यापासून एका कडेवर ४ सेंटिमीटर आणि दुसऱ्या कडेवर ६ सेंटिमीटर खूण करा. दोन खुणा सरळ रेघेनं जोडून कापा. कोपऱ्याचा तुकडा उघडा.

हातात समभुज चौकोन येतो. चारही बाजू सारख्या, कारण चारही एकाच कापानं झाल्या. आणि ज्या दोन घड्या तुम्ही घातल्या होत्या त्या त्याचे कर्ण, ८ आणि १२ सेंटिमीटरचे. आकृती घडीतूनच जन्मली, त्यामुळे तिचे अक्ष शोधायची गरजच नाही. समभुज चौकोनाला दोन अक्ष, दोन्ही कर्णांवर. बाजूंच्या मध्यांतून घडी घालून पाहा, बसणार नाही.

आता तोच प्रयोग ५ आणि ५ सेंटिमीटरच्या खुणा करून करा. तुकडा उघडलात की चौरस.

इथं क्षणभर थांबा आणि मुलांसमोर तीन तुकडे शेजारी ठेवा: आयत, समभुज चौकोन, चौरस. आयताचे दोन अक्ष बाजूंच्या मध्यांतून जाणारे. समभुज चौकोनाचे दोन कर्णांवरचे. चौरस आयतही आहे आणि समभुज चौकोनही, म्हणून त्याला दोघांचेही मिळाले. दोन अधिक दोन, चार. चौरसाला चार अक्ष का, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला शाळेत कुणी दिलं नव्हतं. ते मला कात्रीनं दिलं.

समांतरभुज चौकोन: एकही नाही

चौरस करताना उरलेली पट्टी आता घ्या. एक तिरपा काप द्या, थोड्या अंतरावर त्याच तिरपेपणानं दुसरा. समांतरभुज चौकोन तयार. (दोन कापांतलं अंतर असं ठेवा की शेजारच्या बाजू सारख्या होणार नाहीत, नाहीतर समभुज चौकोन होईल.) कर्णावर दुमडा, दुसऱ्या कर्णावर दुमडा, बाजूंच्या मध्यांतून दुमडा. काहीच बसत नाही.

मुलांना हे पटता पटत नाही. आकृती इतकी नीटस दिसते की तिला अक्ष असलाच पाहिजे असं वाटतं. मोठ्यांचंही तेच होतं. मुलांनी आणलेल्या एका छापील सरावपत्रिकेत या आकृतीवर दोन तुटक रेघा काढून उत्तर 'दोन' दिलेलं मी पाहिलंय. मुलांनी ते पाठ केलं होतं, आणि खोडून टाकायला मला आठवडा लागला.

डोळ्याला जाणवतो तो नीटसपणा खोटा मात्र नाही. तो वेगळ्या जातीचा आहे. कर्ण जिथं छेदतात तिथं टाचणी टोचा, खाली वहीवर आकृतीची बाहेरची रेघ पेन्सिलनं आखून घ्या आणि कागद टाचणीभोवती अर्धा फेरा फिरवा. आकृती आपल्याच जागी बरोब्बर बसते. ही फिरण्याची सममिती. आमच्या पंचवटीच्या मुलानं आयताचा त्रिकोण 'फिरवून' बसवला तेव्हा त्यानं हीच सममिती दाखवली होती. ती त्याला खरी सापडली होती, फक्त तिचं नाव वेगळं होतं. हे त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा खुलला.

फिरण्याची आणि घडीची सममिती वेगळी, याचं आपल्या उंबऱ्यावरचं उदाहरण म्हणजे स्वस्तिक. रांगोळीतलं स्वस्तिक पाव फेरा फिरवलं तर जसंच्या तसं दिसतं. पण त्याला अक्ष किती? कागदावर काढून कापा आणि दुमडून पाहा. कोणत्याही घडीवर टोकं एकमेकांवर येत नाहीत, उलट दिशेला वळतात. एकही अक्ष नाही. आरशासमोर धरलंत तर आरशात उलट्या फेऱ्याचं स्वस्तिक दिसेल. उलट आठ सारख्या पाकळ्यांचं कमळ काढलंत तर त्याला आठ अक्ष मिळतात: चार पाकळ्यांच्या मधून, चार दोन पाकळ्यांच्या फटीतून.

पतंग

भूमितीतला पतंग म्हणजे ज्याच्या शेजारच्या बाजूंच्या दोन जोड्या सारख्या असतात असा चौकोन. दुमडलेल्या कागदावर घडीच्या कडेपासून सुरू होऊन घडीच्या कडेवरच संपणाऱ्या दोन वेगवेगळ्या लांबीच्या रेघा कापा, उघडा, झाला. त्याला एकच अक्ष, शेपटीपासून डोक्यापर्यंत जाणारा कर्ण. दुसरा कर्ण अक्ष नसतो, कारण वरचा भाग आखूड आणि खालचा लांब.

आकाशातल्या पतंगाची गोष्ट याहून मजेची आहे. आपल्या जिल्ह्यात पतंग म्हटलं की येवला. संक्रांतीला तिथं गच्च्या भरलेल्या असतात, हातात बांबूची आसारी, म्हणजे मांजा गुंडाळायची फिरकी. तिथल्या पतंगाचा कागद बहुधा चौरस, टोकावर उभा धरलेला. नुसत्या चौरसाचे अक्ष चार. त्यावर उभी कामटी चिकटवली तरी चारांतले दोन उरतात, उभा आणि आडवा. मग दुसरी कामटी कमानीसारखी वाकवून दोन टोकांना बसवली की आडवा अक्ष गेला, कारण कमान वरच्या बाजूला फुगलेली असते. खाली शेपटीचा त्रिकोण चिकटवला की तो जाण्यावर शिक्कामोर्तब. उरला एकटा उभा अक्ष, उभ्या कामटीवरचा.

आणि तो एक मात्र सांभाळावाच लागतो. कमानीची कामटी एका बाजूला जाड राहिली तर ती बाजू कमी वाकते आणि जड होते. असा पतंग वर गेला की एका अंगाला कलतो, गिरक्या घेऊ लागतो. म्हणून कामटी लावण्याआधी तिचा मध्य बोटावर तोलून पाहतात. जी बाजू खाली झुकते ती तासतात. पतंग तयार झाल्यावर दोष लक्षात आला तर हलक्या बाजूच्या टोकाला कागदाचा कपटा चिकटवतात. भावाच्या पतंगाला लहानपणी मी असे कपटे चिकटवले आहेत. तेव्हा त्याला सममिती म्हणतात हे ठाऊक नव्हतं, पण कपटा बरोबर जागी बसला की पतंग सरळ उभा राहायचा हे आठवतं.

समलंब चौकोनाबद्दल एवढंच: दोन्ही तिरप्या बाजू सारख्या असतील तर एक अक्ष, समांतर बाजूंच्या मध्यांतून जाणारा. नसतील तर एकही नाही.

त्रिकोण, कंपासपेटीतूनच

कंपासपेटीत दोन गुण्ये असतात. मुलं वर्षभर ते वापरतात पण शेजारी ठेवून कधी पाहत नाहीत. एकाचे कोन ४५, ४५, ९०. दोन बाजू सारख्या, म्हणजे समद्विभुज. अक्ष एक, काटकोनाच्या शिरोबिंदूतून निघून समोरच्या बाजूच्या मध्यावर जाणारा. दुसऱ्याचे कोन ३०, ६०, ९०. तिन्ही बाजू वेगळ्या, अक्ष शून्य. दोन्ही कागदावर गिरवून, कापून, दुमडून खात्री करा. त्याच पेटीतला कोनमापक अर्धवर्तुळ आहे, त्याला एक अक्ष, ९० अंशांच्या खुणेतून.

समभुज त्रिकोण पेटीत नाही, तो घडीनं करू. चौरस कागदाची उभी मधली घडी घालून उघडा. आता खालचा उजवा कोपरा उचलून मधल्या घडीवर टेकवा, पण दुमडताना नवीन घडी खालच्या डाव्या कोपऱ्यातून गेली पाहिजे. कोपरा जिथं टेकला तिथं खूण करा. ती खूण आणि खालचे दोन कोपरे जोडा. हा समभुज त्रिकोण. कारण सोपं आहे: डाव्या कोपऱ्यापासून खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे कागदाची खालचीच बाजू, फक्त उचललेली, आणि खूण मधल्या घडीवर असल्यामुळे दोन्ही कोपऱ्यांपासून सारखी लांब. कापून घ्या, तीन घड्या घाला. तिन्ही बसतात.

मग मुलांना विचारा: बरोब्बर दोन अक्ष असलेला त्रिकोण काढता येईल का? दहा मिनिटं द्या, उत्तर सांगू नका. शेवटी फळ्यावर त्रिकोण क ख ग काढा. क मधून अक्ष गेला तर क ख आणि क ग सारख्या. ख मधूनही गेला तर ख क आणि ख ग सारख्या. म्हणजे तिन्ही बाजू सारख्याच झाल्या आणि तिसरा अक्ष न बोलावता आला. त्रिकोणाला शून्य, एक किंवा तीन. दोन कधीच नाहीत.

पंचकोन, षटकोन आणि पुढचे

सुसम बहुभुजाकृतीला जितक्या बाजू तितके अक्ष, हे लवकर लक्षात येतं. सुसम पंचकोन काढणं किचकट वाटतं, पण कागदाच्या सारख्या रुंदीच्या लांब पट्टीला साधी गाठ मारा, हलक्या हातानं ओढून चपटी करा, टोकं कापा. सुसम पंचकोन हातात येतो. षटकोनासाठी वर्तुळ काढा आणि कंपासचं अंतर न बदलता परिघावर खुणा करत जा. सहाव्या खुणेला सुरुवातीच्या बिंदूवर पोचता.

एवढं मात्र पाहायला लावा: पंचकोनात प्रत्येक अक्ष एका शिरोबिंदूतून निघून समोरच्या बाजूच्या मध्यावर जातो. षटकोनात तीन अक्ष समोरासमोरच्या शिरोबिंदूंतून आणि तीन समोरासमोरच्या बाजूंच्या मध्यांतून. बाजू विषम असतील तर पहिला प्रकार, सम असतील तर दुसरा.

वर्तुळ, भांडी बाजारातल्या ताटावरून

घरातलं पितळेचं जुनं ताट घ्या, आमच्याकडचं आजीनं नाशिकच्या भांडी बाजारातून घेतलेलं आहे. वर्तमानपत्रावर पालथं ठेवून गिरवा, कापा. आता मध्य कुठं आहे? कंपास वापरलेला नाही, त्यामुळे टोचलेली खूण नाही. कागद अर्धा दुमडा, कडा जुळवून. उघडा, दुसऱ्याच दिशेनं पुन्हा अर्धा दुमडा. दोन घड्या छेदतात तो मध्य. आता तिसरी, चौथी, दहावी घडी घाला. कडा जुळल्या असतील तर प्रत्येक घडी त्याच बिंदूतून जाईल. मुलं घड्या मोजायला लागतात आणि कागद चुरगळतो, मोजणी संपत नाही. वर्तुळाला अगणित अक्ष: व्यासावरून जाणारी प्रत्येक रेषा.

ताट स्वतः दुमडता येत नाही, मग त्याचा मध्य कसा काढायचा? गुण्याचा काटकोन ताटाच्या कडेवर टेकवा. गुण्याच्या दोन भुजा कडेला जिथं छेदतात त्या दोन बिंदूंना जोडणारी रेघ म्हणजे व्यास, कारण अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. गुण्या सरकवून असाच दुसरा व्यास काढा. छेदबिंदू हा मध्य. भुजा पोचत नसतील तर पुठ्ठ्याचा मोठा काटकोन कापून घ्या.

आरसा वापरताना

आरशाचा प्रयोग सगळे करतात, पण त्यात एक फसगत आहे. आरसा कुठल्याही आकृतीवर, कुठंही उभा धरा, समोर दिसणारं चित्र नेहमीच सममित असतं. मूल म्हणतं, "ताई, इथंही अक्ष आहे!" म्हणून क्रम असा ठेवा. आधी पूर्ण आकृती नीट पाहा. मग आरसा रेघेवर उभा धरा. मग विचारा: अर्धी आकृती आणि आरशातलं प्रतिबिंब मिळून जे दिसतंय ते मूळ आकृतीसारखंच आहे का? आयताच्या कर्णावर आरसा धरला तर पतंग दिसतो, आयत नाही.

आरसा हाताशी आहे तोवर अक्षरांवरही फिरवा. नीट छापलेला ठ आणि आकडा ४ यांच्या मधोमध आरसा उभा धरून पाहा. क आणि म वर धरून पाहा. तिरंग्यावरही धरा. नुसता आयत म्हणून त्याला दोन अक्ष, पण वर केशरी आणि खाली हिरवा असल्यामुळे आडवा अक्ष जातो, चक्राच्या मधून जाणारा उभा राहतो. एकट्या अशोकचक्राला २४ आरे, म्हणून २४ अक्ष. पांडवलेणीची सहल निघाली तर १८ क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरची नालेच्या आकाराची कमान मुलांना वहीत काढायला लावा, आधी उभी मधली रेघ आखून.

अर्धी आकृती पूर्ण करा

परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. चौकटीच्या कागदावर अक्ष उभा किंवा आडवा असेल तर प्रत्येक शिरोबिंदूपासून अक्षापर्यंतच्या चौकटी मोजा, तितक्याच पलीकडे मोजून खूण करा. सगळ्या खुणा झाल्यावरच जोडा. मुलं घाईत एकेक रेघ अंदाजानं ओढतात आणि तिरप्या रेघा हमखास चुकतात.

अक्ष चौकटींच्या कर्णावरून तिरपा जात असेल तर बिंदूपासून अक्षापर्यंत आडवं चाला, चौकटी मोजा, अक्षावर पोचलात की काटकोनात वळून तितक्याच चौकटी अक्षाच्या पलीकडे उभं चाला. कोऱ्या कागदावर गुण्या अक्षाला लावून बिंदूतून लंब काढा, अंतर मोजा, तितकाच पुढं वाढवा. टाचणीच्या भोकांचा नियमच इथं उलटा वापरायचा आहे.

सगळं झाल्यावर मी मुलांना एक काम देते: शून्य, एक, दोन, तीन आणि चार अक्षांचा एकेक चौकोन कापून आणा. यंदा आयतावाला मुलगा दुसऱ्या दिवशी चार तुकडे घेऊन आला. समांतरभुज चौकोन, पतंग, आयत, चौरस. "तीनवाला होत नाही ताई," तो म्हणाला. का होत नाही, असं मी विचारल्यावर त्यानं चौरस उघडला आणि घड्यांवर बोट ठेवत सांगितलं.

घडी घातली की प्रत्येक कोपरा कोपऱ्यावरच यायला हवा. म्हणून चौकोनाची घडी एकतर दोन समोरच्या कोपऱ्यांतून जाते, नाहीतर दोन समोरच्या बाजूंच्या मध्यांतून. म्हणजे शक्य जागा चारच: दोन कर्ण, दोन मधल्या रेषा. त्यातल्या तीन हव्या असतील तर निदान एक कर्ण आणि एक मधली रेषा घ्यावीच लागते. कर्णाची घडी शेजारच्या बाजूंच्या दोन जोड्या सारख्या करते, मधली घडी समोरच्या बाजू सारख्या करते. म्हणजे चारही बाजू सारख्या. मधली घडी शेजारचे दोन कोनही सारखे करते, आणि समभुज चौकोनात त्यांची बेरीज १८०, म्हणजे प्रत्येकी ९०.

"मग तो चौरसच झाला," तो म्हणाला, "आणि चौरसाला चौथी घडी आपोआप असते."